कोड बरोबर होता

त्या मंगळवारी सकाळी माझी दाढ काढली. डावा गाल, ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली होती आणि तीन तास बोलायचं नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मी घरीच निघाले होते. गाडीत बसते न बसते तोच फोन आला, जनरलसाहेबांनी ताबडतोब खाली बोलावलंय.

खाली म्हणजे जमिनीखाली. आमच्या देशाची सगळी अण्वस्त्रं ज्या मुख्यालयाच्या ताब्यात असतात, ते नेब्रास्कातलं मुख्यालय. तिथे मी सहा वर्षं लष्करी वकील होते. डेलिया क्रौपा, लेफ्टनंट कर्नल. युद्धालाही कायदा असतो, कुठलं लक्ष्य त्यात बसतं आणि कुठलं बसत नाही, हे जनरलसाहेबांना सांगायचं हे माझं काम. कायदा मोडणारा हुकूम आला तर तो नाकारणं हे सैनिकाचं कर्तव्य असतं. सवलत नव्हे, कर्तव्य. हे मी दर वर्षी नव्या अधिकाऱ्यांच्या वर्गात शिकवायचे. माझा नवरा वेंडेल शाळेत बँड शिकवतो. तो चारचौघांत माझी ओळख करून द्यायचा, "ही आमची डेलिया. जग बुडवायच्या अर्जावर शिक्का नीट बसलाय का, एवढं बघते."

सगळे हसायचे. मीही हसायचे.

खालच्या खोलीत पोचले तेव्हा दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. जनरल थॅडियस आल्मक्विस्ट टेबलाच्या टोकाला उभे होते. एकसष्ट वर्षांचा, उंच, सावकाश बोलणारा माणूस. रविवारी चर्चमध्ये समूहगानात खालच्या सुरात गायचे आणि कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता. त्यांच्या शेजारी त्यांचे दुय्यम, अॅडमिरल कॉर्विन बील. बील पाणबुड्यांमधून वर आलेले. जेवायच्या टेबलावर माझं आणि त्यांचं रोज वाजायचं. "वकीलबाई," ते म्हणायचे, "समुद्राखाली तीन महिने बसलेल्या माणसाला हुकूम आला की तो पाळायचा असतो. तिथे चर्चा करायची तर पाणबुडी कशाला हवी? वाचनालय काढा."

आदल्या दिवशी आमचं एक विमान पाडलं गेलं होतं. त्रेचाळीस सैनिक गेले. पाडणाऱ्या देशाचं नाव मी लिहीत नाही, गुप्ततेच्या कागदावर तशी सही दिलेली आहे. त्याला उत्तर द्यायचं म्हणून बैठक असणार, हे मला ठाऊक होतं. साधे बॉम्ब, हवाई तळ, दारूगोळ्याची कोठारं, असलं काहीतरी. मी फाईल उघडली, रुमालाने हनुवटी पुसली आणि बसले. स्पीकरवर राष्ट्राध्यक्ष होते.

"थॅड, त्या बंदराचं मला काहीतरी करायचंय."

"बंदराचं म्हणजे, सर?"

"म्हणजे उद्या ते नकाशावर नको. एक पुरे. जास्त नकोत. एकच टाक."

आवाज मुळीच चढलेला नव्हता. अंगणातलं झाड आडवं येतंय, तोडून टाका, असं माळ्याला सांगावं तसा सूर. मला वाटलं, इंजेक्शनमुळे माझं डोकंही बधिर झालंय. मी बीलकडे पाहिलं. त्यांच्या हातातलं पेन कागदाच्या वर, हवेत थांबलं होतं.

जनरल म्हणाले, "सर, माझी ऐकण्यात चूक नको. तुम्ही अण्वस्त्राबद्दल बोलताय?"

"मग काय फटाक्याबद्दल?"

"त्या शहरात नऊ लाख माणसं आहेत, सर. ज्या तळावरून आपलं विमान पाडलं तो तिथून अडीचशे मैलांवर आहे. त्या तळासाठी आमच्याकडे चार पर्याय तयार आहेत. तासाभरात…"

"तळ नकोय मला. त्यांना रडताना बघायचंय."

"संरक्षणमंत्री लाईनवर आहेत का, सर?"

"ते विमानात आहेत. आणि त्यांना विचारावं लागतं, असं कुठे लिहिलंय?"

तसं कुठेच लिहिलेलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी हुकूम द्यायचा आणि तो देणारे तेच आहेत एवढं कोडवरून पटवायचं. मंत्र्यांचा होकार लागत नाही, संसदेचा लागत नाही, कुणाचाच लागत नाही. ही ओळ मी शंभर वेळा वाचलेली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा कानांनी ऐकली.

जनरल माझ्याकडे वळले. "सर, माझ्या वकील इथे बसल्या आहेत. कर्नल क्रौपा, हा हुकूम कायद्यात बसतो का?"

मी उभी राहिले. सहा वर्षांत हा प्रश्न मला सरावात अनेकदा विचारला गेला होता. सरावातल्या उत्तरात तीन मुद्दे असायचे. आता तोंड उघडलं तर जीभच हलेना.

"नाही, सर," मी म्हणाले. "आपल्यावर हल्ला येत नाहीये. तिथे लष्करी लक्ष्य नाही. साध्या लोकांना मारणं हाच हेतू आहे. हुकूम बेकायदेफीर आहे."

'बेकायदेशीर' म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. हनुवटीवर लाळ आली.

"ही बाई प्यायलीय का?" राष्ट्राध्यक्ष म्हणाले. पलीकडे कुणीतरी हसलं. त्यांच्या खोलीत आणखी माणसं होती, हे मला तेव्हा कळलं. माणसं होती, आणि त्यातलं एक हसलं.

"त्यांची दाढ काढलीय, सर," जनरल म्हणाले. "पण त्या काय म्हणाल्या ते मला स्पष्ट कळलं. हा हुकूम मी पाळणार नाही. कायद्यात बसणारा कुठलाही हुकूम द्या, या मिनिटाला पाळतो."



"मग तू घरी जा, थॅड. या मिनिटाला. शेजारी कोण आहे?"

"अॅडमिरल बील, सर," बील म्हणाले आणि त्यांनी माईक स्वतःकडे ओढला.

त्या खोलीत आम्ही अकरा जण होतो. बील काय करणार याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती, माझ्या तर नव्हतीच. ते ताठ बसले आणि ठरलेल्या पद्धतीने म्हणाले, "सर, कृपया कोड सांगा."

राष्ट्राध्यक्षांनी खिशातल्या कार्डावरची अक्षरं एकेक करून वाचली. बीलनी ती समोरच्या पाकिटातल्या अक्षरांशी एकेक करून जुळवली. मी मागे उभी राहून बघत होते. प्रत्येक अक्षर जुळत होतं. वेंडेलचा त्या वेळी तिसरा तास चालू असेल, ट्रंपेटवाली पोरं बेसूर वाजवत असतील, एवढं एकच माझ्या डोक्यात येत होतं.

"कोड बरोबर आहे, सर," बील म्हणाले. "बोलणारे तुम्हीच आहात, याबद्दल माझी खात्री झाली. आणि माझं उत्तर जनरल आल्मक्विस्टांचंच आहे. नाही."

मी खुर्चीची पाठ धरली. जनरलनी मान वळवून बीलकडे पाहिलं, जणू दोन वर्षं शेजारी बसलेल्या माणसाला ते आज पहिल्यांदाच बघत होते.

राष्ट्राध्यक्ष चिडले नाहीत. थोडं हसल्यासारखं वाटलं. "ठीक आहे. मला तुमची गरज नाहीच मुळी. हो ना, थॅड? खरं सांग."

जनरल खोटं बोलणारा माणूस नव्हता. "नाही, सर. हुकूम राजधानीतल्या युद्धकक्षातून थेट खाली जाऊ शकतो."

"तिथे कोण आहे?"

लाईनवर एक नवा आवाज आला. बाईचा, तरुण, थोडा घोगरा. "ड्यूटी अधिकारी कर्नल इमोजेन टॅलिस, सर."

"सगळं ऐकलंस ना? कोड बरोबर आहे हेही ऐकलंस. मग पाठव."

उत्तर आलं नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मी बघत होते. अकरा सेकंद. मग ती म्हणाली, "सर, कृपया कोड पुन्हा सांगा." आणि आमची लाईन तोडली गेली.

पुढची सव्वीस मिनिटं मला कुणाला समजावून सांगता येत नाहीत. समोरच्या मोठ्या पडद्यावर मोंटाना, वायोमिंग, नॉर्थ डाकोटा इथल्या प्रत्येक क्षेपणास्त्राचा एकेक ठिपका होता. एखादं उडालं तर तो ठिपका रंग बदलणार. आम्ही त्या शेकडो ठिपक्यांकडे बघत बसलो. बीलनी तीन वेगवेगळ्या फोनवरून राजधानीला लावायचा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी एकच निरोप, थांबा. जनरलना काढून टाकलेलं होतं, पण ते गेले नाहीत. हलक्या आवाजात मोजत उभे होते. मी विचारलं, "काय मोजताय, सर?" ते म्हणाले, "माहीत नाही, कर्नल."

सव्वाअकराच्या सुमाराला फोन वाजला. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातला कुणीतरी होता, नाव सांगितलं नाही. "सकाळचं संभाषण हा सराव होता," तो म्हणाला. "सगळ्यांनी उत्तम काम केलं. नोंदीत तसंच लिहायचं. समजलं?"

कुणी 'समजलं' म्हटलं नाही. त्याने फोन ठेवून दिला.

आठवड्याच्या आत जनरल आल्मक्विस्ट 'कौटुंबिक कारणांमुळे' निवृत्त झाले. बील महिन्याभरात गेले. मला अलास्कात एका तळावर सैनिकांचे घटस्फोट आणि दारूचे खटले बघायला पाठवलं. मी वर्षभर काढलं आणि नोकरी सोडली. वेंडेलला मी एवढंच सांगितलं होतं की एक वाईट दिवस आला होता. त्याने पुन्हा कधी ती शिक्क्याची गंमत केली नाही. न सांगताही त्याला काहीतरी कळलं असणार.

आम्ही माझ्या माहेरच्या गावी राहायला गेलो. मी मृत्युपत्रं, शेतांच्या हद्दी, विहिरीच्या पाण्यावरून होणारी भांडणं असली कामं करू लागले. आणि मनात एक समाधान होतं, ते मी नाकारत नाही. दोन माणसांनी नाही म्हटलं होतं. तिसरी, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, ती अकरा सेकंद थांबली होती आणि तिनेही नाही म्हटलं असणार. त्या अकरा सेकंदांबद्दल मी फार वेळा विचार केला होता. एका माणसाची सदसद्विवेकबुद्धी जागी व्हायला किती वेळ लागतो, याचं ते माप आहे असं मला वाटायचं.

त्या मंगळवारानंतर दोन वर्षांनी, एका दुपारी, चाळिशीची एक बाई माझ्या ऑफिसात आली. साधी जीन्स, केस कापलेले. खुर्चीच्या अगदी कडेला बसली आणि म्हणाली, "मला एक कागद करायचाय. माझ्या मरणानंतर उघडायचा."

तो आवाज मी लगेच ओळखला. मी उठून दार लावलं.

"कर्नल टॅलिस," मी म्हणाले.

ती दचकली नाही. "आता नुसती इमोजेन. तुम्ही लाईनवर होतात, मला माहीत आहे. दाढ काढलेल्या."

मी टेबलाला वळसा घालून तिच्याकडे गेले आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "तू थांबलीस, बाई," मी म्हणाले. "अकरा सेकंद थांबलीस. मी रोज तुझे आभार मानते."

तिने हात सोडवून घेतले.

"मी थांबले नव्हते," ती म्हणाली. "माझ्या हातांना घाम आला होता. बटणं निसटत होती. मी हात पुसत होते."

बाहेर वेंडेल गवत कापत होता. यंत्राचा आवाज येत राहिला.

"कोड पुन्हा का मागितलास?"

"दोनदा ऐकायचा, असा नियम आहे. त्यांनी पुन्हा सांगितला, बरोबर होता. मग मी संदेश लिहायला घेतला. सहा ओळींचा असतो. लिहून झाला की पाठवण्याआधी वाचून दाखवायचा. मी वाचायला सुरुवात केली, आणि त्यांच्या खोलीत कुणीतरी आलं. राजधानीत तेव्हा बारा वाजत आले होते. कुठल्यातरी देशाचे पाहुणे जेवायला आले होते, ते खाली थांबलेत म्हणून. राष्ट्राध्यक्ष मला म्हणाले, 'राहू दे. जेवणानंतर बघू.'"

"आणि जेवणानंतर?"

"फोन आलाच नाही. विसरले असतील, किंवा कुणीतरी विसरायला लावलं असेल. संध्याकाळी माझी ड्यूटी संपेपर्यंत तो संदेश माझ्यासमोर पडद्यावर होता. एक बटण दाबायचं राहिलेला. मी पुसला नाही." ती थांबली. "पुसायचा हुकूम नव्हता ना."

मी टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले.

"पण तू सगळं ऐकलं होतंस, इमोजेन. जनरल नाही म्हणाले ते. मी बेकायदेशीर म्हटलं ते."

"ऐकलं होतं. मला वाटलं, हा यांच्यातला वाद आहे. मोठ्या लोकांचा. माझं काम कोड बघायचं. आम्हाला वर्गात शिकवलं होतं, रीतसर आलेला हुकूम कायदेशीरच आहे असं धरून चालायचं. वर कुणीतरी तो तपासलेला असतो."

हे वाक्य माझं होतं. म्हणजे माझ्या एकटीचं नव्हे, आम्हा सगळ्याच वकिलांचं. पण मी ते सहा वर्षं, दर वर्षी दोनदा, फळ्यासमोर उभी राहून म्हटलं होतं. आधी सांगायचं की बेकायदेशीर हुकूम नाकारणं हे तुमचं कर्तव्य आहे. मग कुणीतरी हात वर करायचं, की हुकूम आल्यापासून उडवेपर्यंत चार मिनिटं असतात, तेवढ्यात आम्हाला कळणार कसं? त्यावर हे उत्तर. वर्गाला हायसं वाटायचं. मलाही वाटायचं. वर बसून तपासणारी ती मी होते, आणि मला फोनवरून काढून टाकायला त्यांना एक क्षण पुरला होता.

"नऊ लाख," इमोजेन म्हणाली. "मी त्या गावाचे फोटो बघते. तिथे मासळीबाजार आहे. रोज बघते."

कागद मी तिला त्या दिवशी करून दिला नाही. म्हटलं, मरायची वाट कशाला बघायची?

दुसऱ्या सकाळी मी गाडी काढली आणि तीन तास पश्चिमेला, जनरलकडे गेले. ते एका जुन्या चर्चचा ऑर्गन दुरुस्त करत होते. नळ्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या होत्या. मला पाहून खूश झाले, कॉफी ओतली. मी सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला कप खाली आला नाही, वरही गेला नाही.

"म्हणजे आम्ही नाही म्हटल्यामुळे…"

"नाही, सर. त्याने काहीच थांबलं नाही."

त्यांनी एक नळी उचलून पुन्हा ओळीत ठेवली. "डेलिया," ते म्हणाले. सहा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. "मी गप्प राहिलो ते का, सांगू? मला वाटलं, व्यवस्था टिकली. एक माणूस बिघडला आणि व्यवस्थेने त्याला अडवलं. मग कशाला लोकांना घाबरवायचं? दोन वर्षं मी याच समाधानात जेवतोय, झोपतोय." मग त्यांनी फोन उचलला. "बीललाही सांगू. त्यानेच काय म्हणून सुखात राहायचं?"

बील फ्लोरिडात होते. जनरलनी स्पीकर चालू केला आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"वकीलबाई," बील म्हणाले, "म्हणजे आपण दाराला कुलूप घालून उभे होतो, आणि बाजूला भिंतच नव्हती."

"भिंत नव्हती हे आपल्याला माहीत होतं, अॅडमिरल. कागदावर."

"हो," ते म्हणाले. "तेच तर."

त्या वसंतात आम्ही चौघे संसदेच्या समितीपुढे गेलो. बंद दाराआड, नऊ सदस्य. राष्ट्राध्यक्ष तोवर बदलले होते, पण कार्यालयाचा कागद तोच होता: तो सराव होता. जनरलनी शपथेवर सांगितलं की नव्हता. बीलनी सांगितलं. मी सांगितलं, आणि माझ्या वर्गातलं ते वाक्यही सांगितलं. ते सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कधी वाटली नव्हती. इमोजेनला कुणी बोलावलं नव्हतं; ती स्वतःहून आली. तिच्यावर खटला भरला जाऊ शकतो, हे मी तिला आधीच समजावलं होतं. ती म्हणाली, भरू दे.

समितीत एक वयस्क बाई होत्या, आयोवाच्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कर्नल टॅलिस, समजा तुम्ही आजही त्या खुर्चीवर आहात. तसाच फोन आला. काय कराल?"

आम्ही तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. उत्तर सोपं होतं. खोलीतल्या प्रत्येकाला ते उत्तर हवं होतं.

इमोजेनने पुष्कळ विचार केला. "मला नाही म्हणायला आवडेल," ती म्हणाली. "पण त्या दिवशी सकाळी मला कुणी विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं. म्हणून मला माहीत नाही. माझ्या उत्तरावर विसंबू नका. कुणाच्याच उत्तरावर विसंबू नका."

आयोवाच्या बाईंनी परत घालायला उचललेला चष्मा तसाच टेबलावर ठेवला.

इमोजेनवर खटला झाला नाही. अशा हुकुमाला राष्ट्राध्यक्षांखेरीज दुसऱ्या एखाद्या व्यक्तीची संमती लागावी, असं विधेयक त्या बाईंनी मांडलं. ते अजून समितीतच आहे. जनरल दर महिन्याला त्यांना पत्र लिहितात आणि प्रत मला पाठवतात. वर्गातलं ते वाक्य काढावं म्हणून मी तीनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा उत्तर आलं, की सूचनेचा विचार चालू आहे. तो विचार चालू असताना युद्धकक्षात दर आठ तासांनी नवा माणूस ड्यूटीवर येतो, खुर्ची पुढे ओढतो आणि फोन चालू आहे की नाही ते तपासतो.